६४ टक्के की २७ टक्के? शाळेतल्या चाचण्यांचे आकडे कसे वाचायचे

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे, अडखळणं तेवढं काढून टाकलंय. मेट्रोत किंवा बसमध्ये आवाज नीट येत नसेल तर वाचून घ्या.)



आज थेट दोन आकड्यांनीच सुरुवात करू. २०२४ साल. आपल्या देशातल्या तिसरीच्या मुलांची एकाच हंगामात दोनदा तपासणी झाली. एक केंद्र सरकारची, ४ डिसेंबर २०२४ ला. तिचं नाव 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण'. तिचा निकाल आला, तिसरीची मुलं भाषेत ६४ टक्के, गणितात ६० टक्के. म्हणजे फर्स्ट क्लास. दुसरी तपासणी 'प्रथम' या संस्थेची, जिला सगळे 'असर' म्हणतात. तिचा निकाल काय? दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी तिसरीची मुलं फक्त २७.१ टक्के.

आता सांगा, खरं कोण? सरकार फुगवून सांगतं की 'असर'वाले रडतात?

व्हॉट्सअ‍ॅपवर यातला एकच आकडा फिरतो, आपापल्या सोयीनं. ज्याला शाळांना शिव्या घालायच्या तो २७ टाकतो, ज्याला कौतुक करायचं तो ६४ टाकतो. पण गंमत अशी आहे की दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. ते कसं, ते आज बघू. आणि हे नुसतं गणित नाही बरं का. या आकड्यांवरून कोणत्या शाळेत घालायचं ते ठरतं, कोणत्या गुरुजींना नोटीस जायची ते ठरतं, आणि घरातलं एखादं लेकरू 'ढ' आहे असा शिक्काही बसतो.

६४ म्हणजे नेमकं काय?

आधी 'परख' घेऊ. देशभरात ७८१ जिल्हे, ७४ हजारांवर शाळा आणि २१ लाखांवर मुलं. तिसरी, सहावी आणि नववी. सरकारी आणि खासगी, दोन्ही शाळा. प्रश्न पर्यायांचे, बरोबर उत्तर निवडायचं.

६४ टक्के ही सरासरी आहे. याचा अर्थ शंभरातल्या ६४ मुलांना वाचता येतं असा होत नाही. विचारलेल्या प्रश्नांपैकी सरासरी ६४ टक्के प्रश्नांची उत्तरं बरोबर आली, एवढाच त्याचा अर्थ. आणि प्रश्नाला चार पर्याय असले, तर डोळे मिटून गोल काळा करणाऱ्यालाही नशिबानं २५ टक्क्यांच्या आसपास मिळतातच. म्हणजे अशा पेपरात मोजपट्टी शून्यापासून सुरूच होत नाही.

आता 'असर'. इथे पेपर नाही, पर्याय नाहीत, गोल काळे करायचे नाहीत. माणूस घरी येतो, मुलाला शेजारी बसवतो आणि एक कागद पुढे धरतो. त्यावर चार पायऱ्या असतात: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल सगळ्यात वरच्या कोणत्या पायरीपर्यंत नीट वाचतं, ते लिहून घेतात. गणितातही तसंच. १ ते ९ आकडे ओळखणं, मग ११ ते ९९, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार.

म्हणजे २७.१ टक्के हा गोष्टीच्या पायरीवर पोचलेल्या मुलांचा वाटा आहे. बाकीच्या ७३ टक्क्यांना काहीच येत नाही असं नाही. कोणी परिच्छेदावर आहे, कोणी शब्दांवर, कोणी अजून अक्षरांवर.

एक आकडा प्रश्नांचा, दुसरा मुलांचा. एक क्रिकेटमधल्या सरासरीसारखा, दुसरा 'किती जणांनी अर्धशतक मारलं' असा. संघाची सरासरी चांगली आणि अर्धशतकं मोजकीच, असं होतं की नाही? अगदी तसंच.

नागपूरचा आकडा, पण कोणतं नागपूर?

आता आपल्या गावाकडे येऊ. कोणी म्हणालं, "असरमध्ये नागपूर जिल्ह्याचं असं असं आलं", तर पहिला प्रश्न विचारा: यात कोणतं नागपूर?

कारण 'असर' हे ग्रामीण सर्वेक्षण आहे. एका जिल्ह्यातली साधारण ३० गावं निवडतात, प्रत्येक गावात २० घरं. म्हणजे जिल्ह्यामागे सहाशेच्या आसपास घरं. काटोल, नरखेड, रामटेक, कुही, भिवापूरकडची गावं त्यात येऊ शकतात. पण सीताबर्डी, इतवारी, जरीपटका, मानेवाडा? यातलं काहीच नाही. महानगरपालिकेची एकही शाळा त्या आकड्यावर दिसत नाही. त्यामुळे 'असर' दाखवून मनपा शाळांबद्दल बोलणारा माणूस काटोलच्या पावसावरून धरमपेठेतला पाऊस सांगतोय, असं समजा.

'परख'मध्ये शहर आणि ग्रामीण दोन्ही येतात, पण ती शाळेत जाऊन घेतात. मग त्या दिवशी जे मूल शाळेत आलंच नाही, ते हिशेबातच नाही. 'असर' घरी जाऊन घेतात, त्यामुळे शाळा बुडवणारं मूलही सापडतं. डिसेंबरात आपल्याकडे कापसाची वेचणी चालू असते. आईबापासोबत शेतावर गेलेलं लेकरू एका आकड्यात आहे, दुसऱ्यात नाही. आणि बहुतेक वेळा तेच लेकरू वाचनात मागे असतं.

याचा परिणाम केवढा होतो ते एका सोप्या हिशेबानं बघू. समजा जिल्हा परिषदेच्या एका शाळेत तिसरीत सहा मुलं आहेत. हे काही अजब नाही, महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा पंधरा हजारांच्या आसपास आहेत. वीस गुणांची चाचणी झाली. गुण पडले १८, १६, १४, १२, १० आणि २. बेरीज ७२, सरासरी १२. म्हणजे ६० टक्के.

आता तीच चाचणी, तीच मुलं, फक्त दोन गुणवालं पोरगं त्या दिवशी आलं नाही. बेरीज ७०, भागिले पाच, सरासरी १४. म्हणजे ७० टक्के! कोणी एक अक्षर जास्त शिकलं नाही, गुरुजींनी नवीन काही केलं नाही, आणि शाळा दहा टक्क्यांनी वर गेली. ज्या मुलाला मदत हवी होती, ते गायब झालं म्हणून निकाल सुधारला.

म्हणून लहान शाळेचा 'यंदा दहा टक्के वाढ' किंवा 'यंदा दहा टक्के घसरण' असा आकडा ऐकला की आधी पट विचारायचा, मग हजेरी.

तारीखही बघा

आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे चाचणी कधी झाली.

'परख'च्या आधी याच सर्वेक्षणाचं नाव 'राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण' होतं, गुरुजी मंडळी त्याला 'नॅस' म्हणतात. ते झालं १२ नोव्हेंबर २०२१ ला. आता आठवा, तेव्हा काय चाललं होतं? कोरोना. महाराष्ट्रात ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला सरकारनं परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे चाचणी झाल्यावर!

आता तिसरीतल्या एखाद्या मुलीचा विचार करा. ती वर्गात शेवटची बसली मार्च २०२० मध्ये, तेव्हा ती पहिलीत होती. दुसरी पूर्ण घरी, अर्धी तिसरी घरी. तिच्या हातात थेट सर्वेक्षणाचा पेपर आला. तिच्या गुणांवरून कोणाची परीक्षा झाली? तिची? तिच्या बाईंची? की घरात मोबाईल किती होते आणि रेंज कशी होती याची?

तो आकडा निरुपयोगी होता असं मी म्हणत नाही. शाळा बंद राहिल्यानं किती नुकसान झालं हे कळायला तो लागलाच असता. 'असर'मध्येही ते दिसलं. २०१८ ला गोष्टीच्या पायरीवर तिसरीची २७.२ टक्के मुलं होती, २०२२ ला ती २०.५ वर आली, आणि २०२४ ला पुन्हा २७.१. म्हणजे पडलो, उठलो, आणि जिथे होतो तिथेच पोचलो. पण हा देशाचा ताप मोजणारा थर्मामीटर आहे. तो एका शाळेच्या किंवा एका लेकराच्या काखेत लावायचा नसतो.

तीन चाचण्या, तीन कामं

इथपर्यंत आलो की मुख्य मुद्दा सोपा होतो. आपल्या प्राथमिक शाळांमध्ये चाचण्या खूप आहेत, पण त्यांची कामं वेगळी आहेत. तीन डबे करा.

पहिला डबा सर्वेक्षणाचा. 'परख', 'असर'. काम काय, तर राज्याचं, जिल्ह्याचं कसं चाललंय ते बघणं. यात तुमच्या भाचीचा नंबर किती, हा प्रश्नच नसतो.

दुसरा डबा निवडीचा. आपली जुनी ओळखीची स्कॉलरशिप! महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. आधी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये सरकारनं पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. पाचवीला राज्यभरातून पाच लाखांहून जास्त मुलं बसायची आणि शिष्यवृत्ती मिळायची १६,६९३ जणांना. म्हणजे शंभरात तीन. आता ज्या परीक्षेची रचनाच शंभरातले तीन वेचायची आहे, तिच्यात न निवडलेली ९७ मुलं 'नापास' कशी? खुर्च्याच तीन आहेत! आणि ज्या शाळेच्या दारावर स्कॉलरशिपवाल्या पाच मुलांचा फ्लेक्स लागलाय, त्या शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाला वाचता येतं की नाही, हे त्या फ्लेक्सवरून कळत नाही.

तिसरा डबा वर्गातल्या निदानाचा. राज्यात २०२३-२४ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून तीन चाचण्या सुरू झाल्या. पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. 'पॅट' म्हणतात त्या याच. पायाभूत चाचणीत मागच्या इयत्तेचं किती आलंय ते बघतात, म्हणजे बाईंना कळावं की कुठून सुरुवात करायची. तपासायचं गुरुजींनीच, आणि गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे.

निदानाची चाचणी म्हणजे डॉक्टरकडची रक्ततपासणी. तिच्यात कोणी कॉपी करतं का? शुगर कमी यावी म्हणून दुसऱ्याचं रक्त देतं का कोणी? पण आपल्याकडे झालं काय, तर २०२५ मध्ये या चाचणीचे पेपर यूट्यूब चॅनेलवर आले आणि प्रकरण पुण्यात पोलिसांपर्यंत गेलं. तिसरी-चौथीच्या निदान चाचणीचा पेपर फुटतो! का फुटतो? कारण कोणाला तरी वाटतं की या गुणांवरून आपल्याला जोखणार आहेत.

आकड्याला भीती लावली की आकडा बिघडतो

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत डोनाल्ड कॅम्पबेल नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९७० च्या दशकात त्यांनी एक नियम मांडला. साध्या भाषेत सांगायचं तर, एखाद्या आकड्यावर जितकं जास्त बक्षीस आणि शिक्षा लावाल, तितका तो आकडा जास्त बिघडेल आणि ज्या कामासाठी मोजत होतात ते कामही बिघडवेल.

याचं मोठं उदाहरण अटलांटा शहराचं. तिथे शाळांच्या चाचणीच्या गुणांवर मुख्याध्यापकांचं, शिक्षकांचं सगळं अवलंबून होतं. २०११ मध्ये सरकारी चौकशीचा अहवाल आला. ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं त्यात होती. मुलांच्या उत्तरपत्रिकेवरचे चुकीचे गोल खोडून बरोबर गोल भरले होते. २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले. पण सगळ्यात मोठं नुकसान कोणाचं झालं? ज्या मुलांना वाचता येत नव्हतं त्यांचं. कागदावर ती पास दिसत होती, म्हणून त्यांना जादा मदतच मिळाली नाही.

आपल्याकडे हा मुद्दा आता जास्त जवळ आलाय. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत पास होणं गरजेचं झालंय. पासासाठी ३५ टक्के. नापास झालं तर जादा मार्गदर्शन आणि पुन्हा परीक्षा, आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या पोरासाठी गुणांचा अर्थ बदलला. अशा वेळी पाचवीच्या एप्रिलमध्ये कळणं की याला वाचताच येत नाही, हा उशीर आहे. ते दुसरी-तिसरीतच कळायला हवं. केंद्राची 'निपुण भारत' योजना २०२१ मध्ये याचसाठी आली, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधं गणित यावं म्हणून.

पेपरची भाषा कोणाची?

नागपूरचा आहे म्हणून हा मुद्दा सोडवत नाही. समजा पेपरात चित्र आहे, खाली पर्याय आहेत, आणि बरोबर उत्तर आहे 'कोथिंबीर'. आपल्याकडचं पोरगं म्हणणार, हा तर सांबार! सांबार त्याच्या आईनं आजच भाजीत टाकलाय. शेवग्याला ते मुनगा म्हणतं, बटाट्याला आलू. रामटेक-पारशिवनीकडे काही घरांत गोंडी बोलतात. शहरात मनपाच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू अशा माध्यमांच्या आहेत, आणि मराठी शाळेतल्या कितीतरी मुलांच्या गल्लीत हिंदीच चालते.

त्या मुलाला वस्तू माहीत आहे, पेपरातलं नाव माहीत नाही. गुण मात्र शून्य. म्हणून पुस्तकी मराठी शिकवू नये का? शिकवायलाच हवी. पण पहिली-दुसरीत सांबारापासून कोथिंबिरीपर्यंत हात धरून न्यावं लागतं. आणि शून्य दिसला की ते न येण्याचं शून्य आहे की न समजण्याचं, हे शेजारी बसून विचारल्याशिवाय कळत नाही.

मग आपण काय करायचं?

आता तुमच्याबद्दल. 'असर'नं २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना मोबाईलबद्दलही विचारलं. ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मागच्या आठवड्यात सोशल मीडियासाठी वापरला ७६ टक्क्यांनी, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. म्हणजे फोन आहे, वेळही आहे. मग पाच मिनिटं काढा.

घरातलं किंवा शेजारचं तिसरी ते पाचवीतलं मूल घ्या. दुसरीचं पाठ्यपुस्तक घ्या, बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळते. त्याच्या वर्गात न शिकवलेला एक छोटा परिच्छेद काढा, नाहीतर पाठ केलेलं म्हणून दाखवेल. आणि म्हणा, "मला वाचून दाखव ना." घड्याळ लावू नका, मध्ये टोकू नका, आईला हाक मारू नका. अडलं तर एक पायरी खाली या: सोपी वाक्यं, मग शब्द, मग अक्षरं. जिथे ते आरामात वाचतं, ती त्याची आजची पायरी. गुण देऊ नका. फक्त पायरी लक्षात ठेवा.

आणि मग त्या पायरीपासून रोज थोडं. याला आधार आहे बरं का. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'प्रथम'चा 'बालसखी' उपक्रम चालला. वस्तीतलीच एखादी तरुण मुलगी, मागे पडलेली तिसरी-चौथीची मुलं रोज दोनेक तास वेगळी बसवायची आणि त्यांना जिथून येत नाही तिथून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो उपक्रम शास्त्रीय पद्धतीनं तपासला. मुलांचे गुण वाढले, आणि मागे असलेल्यांचे जास्त वाढले. याच दोघांना, मायकेल क्रेमर यांच्यासोबत, २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या बालसख्यांकडे डी.एड. नव्हतं. त्या साधारण तुमच्याच वयाच्या होत्या. त्यांच्याकडे एवढंच होतं की मूल कोणत्या पायरीवर आहे हे त्यांना माहीत होतं.

आणि पालकसभेला जाणार असाल, किंवा ताईला, वहिनीला पाठवणार असाल, तर एकच प्रश्न घेऊन जा. "बाई, पायाभूत चाचणीत याला नेमकं काय आलं नाही, आणि त्यासाठी वर्गात काय चालू आहे?" किती मार्क, कितवा नंबर, हे नंतर. एका चांगल्या बाईंना हा प्रश्न आवडेल, कारण चॅटबॉटवर गुण भरल्यावर त्यांना हे कोणी विचारतच नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी ग्रुपवर 'आपल्या शाळांचा निकाल' म्हणून एखादा आकडा आला की फॉरवर्ड करण्याआधी चार गोष्टी बघा: कोणाला मोजलं, कधी मोजलं, सरासरी आहे की मुलांचा वाटा, आणि चाचणी तीनपैकी कोणत्या डब्यातली. चारही उत्तरं मिळाली तर खुशाल पुढे पाठवा.

आणि पाच मिनिटांचा प्रयोग केलात तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. मुलाचं नाव सांगू नका, गुण सांगू नका. फक्त पायरी सांगा, आणि महिन्याभरानं पुन्हा सांगा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, उन्हाचं पाणी पीत राहा!